चित्रतबकडीवरील भोंवतालचा नाद

१३ नोव्हेंबर १९४० रोजीं न्यूयॉर्क शहरांतील ब्रॉडवे थिएटरांत वॉल्ट डिस्ने यांचा ‘फँटेशिया’ हा चित्रपट प्रथम दाखविण्यांत आला. त्या रात्रीं प्रेक्षकांच्या कानांना जो अनुभव आला तो तोंपर्यंत कोणत्याहि बोलपटानें दिलेला नव्हता. बोलपटांतील आवाज पडद्यामागच्या एकाच जागेंतून निघावयाचा. नट डावीकडे उभा असो वा उजवीकडे, त्याचा शब्द मध्येंच उमटावयाचा, अशी तेव्हांची रीति होती. ‘फँटेशिया’मध्यें मात्र वाद्यांचा नाद पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेला, आणि प्रसंगीं प्रेक्षकांच्या पाठीमागूनहि येऊं लागला. या चित्रपटाचें बहुतेक संगीत लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या नेतृत्वाखालीं फिलाडेल्फिया शहरांतील ॲकॅडेमी ऑफ म्यूझिक या नाट्यगृहांत १९३९ सालीं मुद्रित झालें होतें, आणि त्यासाठीं वादकांच्या भोंवतीं ३३ मायक्रोफोन मांडले होते.

या नादाचें मर्म समजून घेण्यास फार दूर जावयास नको. एकादशीच्या रात्रीं देवळाच्या सभामंडपांत भजन चाललें आहे अशी कल्पना करावी. समोर बुवा उभे आहेत, त्यांच्या एका हातास पखवाज आहे, दोन्ही बाजूंस टाळकऱ्यांच्या रांगा आहेत, आणि ध्रुपद उचललें जातें तें मागें बसलेल्या मंडळींकडून. डोळे मिटून बसलेल्या आंधळ्यालाहि कोण कोठें आहे हें अचूक कळतें. तेंच भजन एका कर्ण्यांतून ऐकलें तर शब्द तेच राहतात, तालहि तोच राहतो. पण मंडप नाहींसा होतो. हा हरवलेला मंडप परत उभा करणें, हाच भोंवतालच्या नादाचा उद्देश. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज यंत्रशास्त्रज्ञानें दोन कानांच्या या शक्तीचा विचार करून १९३१ सालींच दुहेरी ध्वनिलेखनाचें पेटंट मागितलें होतें. १९४२ सालीं, युद्धोपयोगी यंत्राची परीक्षा चालू असतां विमानाच्या अपघातांत त्याचा अंत झाला, आणि आपल्या कल्पनेचा घरोघर झालेला प्रसार पाहण्याचें त्याच्या नशिबीं आलें नाहीं.

‘फँटेशिया’च्या ध्वनिपद्धतीस ‘फँटासाउंड’ असें नांव होतें. तिच्यांत नाद चित्राच्या फितीवर नव्हताच. त्यासाठीं दुसरी एक स्वतंत्र फीत असे. तिजवर तीन रेघा संगीताच्या आणि चवथी रेघ नादाचा चढउतार सांभाळणारी. दोन्ही फिती बरोबरीनें चालवावयाच्या. ही यंत्रसामग्री इतकी अवजड व खर्चाची होती कीं थोड्याच शहरांत ती बसविली गेली. लौकरच युद्धाची छाया पडली, आणि सर्वसाधारण चित्रगृहांत हा चित्रपट गेला तो एकेरी आवाजाचा. पुढें १९५५ च्या सुमारास मूळ फिती बिघडूं लागल्या आहेत असें दिसून आलें. त्या वाचणारें एकच यंत्र चालू उरलें होतें; नवें चुंबकीय मुद्रणयंत्र दुसऱ्याच जागीं होतें. तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून तो नाद एका इमारतींतून दुसऱ्या इमारतींत पाठविण्यांत आला व तेथें चुंबकीय फितीवर उतरविण्यांत आला. तारेंतून येतांना वरच्या पट्टीचे सूक्ष्म स्वर कांहीं अंशीं गळून गेले. तरीसुद्धां १९९० सालीं हा चित्रपट पुन्हां सजवून दाखविला गेला तेव्हां याच नकलेचा आधार घ्यावा लागला. फीत असून भागत नाहीं, फीत वाचणारें यंत्रहि असावें लागतें, हा धडा येथें प्रथम मिळाला. तो कोणी फारसा मनावर घेतला असें मात्र पुढील इतिहासावरून दिसत नाहीं.

तो इतिहास चित्रतबकडीचा आहे. पाश्चात्त्य देशांत जिला ‘लेझरडिस्क’ म्हणत, ती ही तबकडी ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीएवढी, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाची, पण आरशासारखी चकचकीत असे. १५ डिसेंबर १९७८ रोजीं अमेरिकेंतील ॲटलांटा शहरांत ती प्रथम विक्रीस आली, आणि तिजवर निघालेल्या पहिल्या चित्रपटांत ‘जॉज’ हा होता. ग्रामोफोनची सुई बाहेरून आंत जाते. येथें लेझरचा किरण आंतून बाहेर जातो. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खळ्यांची एक चक्राकार ओळ असते. किरण खळीवर पडला कीं कमी परततो, सपाटीवर पडला कीं पूर्ण परततो. या लुकलुकण्यांतूनच चित्र आणि नाद दोन्ही उभे करावयाचे. अमेरिकन पद्धतीच्या तबकडीचा एक प्रकार मिनिटाला १८०० फेरे घेई, त्यांत एका फेऱ्याला एक चित्र याप्रमाणें एका बाजूवर ५४,००० चित्रें मावत आणि अर्ध्या तासांत बाजू संपे. दुसऱ्या प्रकारांत किरण बाहेर सरके तसतशी तबकडीची गति मंद होत जाई, आणि एका बाजूवर तासभर चित्र मावे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुढें आलेल्या लहान ध्वनितबकडीशीं, म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्कशीं, हिचें रूप जुळतें, म्हणून हिच्यावरील चित्रहि अंकरूप असावें असें पुष्कळांना वाटतें. तें तसें नाहीं. कॉम्पॅक्ट डिस्कवर आंकडे असतात. चित्रतबकडीवरील खळ्यांची लांबी व त्यांमधील अंतर हीं मात्र चित्राच्या लहरीप्रमाणें अखंडपणें कमीजास्त होतात. सोनाराचा कांटा आणि मोजलेलीं नाणीं यांत जो फरक, तोच येथें आहे. आंकडा पुसट झाला तरी ओळखून पुन्हां लिहितां येतो. लहर मात्र जशी वाचाल तशीच हातीं लागते. या तबकडीवरून उतरवून घेण्याच्या कामांत जी अडचण येते तिचें मूळ पुष्कळसें यांतच आहे.

आतां या तबकडीवर नाद कोठें राहतो? एखाद्या जुन्या वाड्यांत निरनिराळ्या मजल्यांवर निरनिराळीं बिऱ्हाडें असावींत, तशी तिची रचना आहे. अमेरिकन व जपानी तबकडीवर वरचा मोठा मजला चित्राचा; तेथें सेकंदास सुमारें ७६ लक्षांपासून ९३ लक्षांपर्यंत कंपनें चालतात. त्याच्या पुष्कळ खालीं दोन लहान खोल्या आहेत, एक सुमारें २३ लक्ष कंपनांवर व दुसरी सुमारें २८ लक्ष कंपनांवर. पहिलींत डाव्या कानाचा नाद, दुसरींत उजव्या कानाचा, दोन्ही लहररूप. तळमजला प्रारंभीं रिकामाच होता. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास कॉम्पॅक्ट डिस्कच्या पद्धतीचा अंकरूप दुहेरी नाद त्या तळमजल्यावर, सुमारें १७.५ लक्ष कंपनांच्या खालीं, आणून बसविण्यांत आला. वरच्या कोणत्याहि बिऱ्हाडास त्यामुळें उठावें लागलें नाहीं. युरोपीय पद्धतीच्या तबकडींत एवढी ऐसपैस जागा नव्हती. तेथें लहररूप व अंकरूप यांपैकीं एकासच आसरा मिळे.

भोंवतालचा नाद या वाड्यांत तीन वेळां, तीन निरनिराळ्या वाटांनीं शिरला. पहिली वाट फार चतुराईची आहे. १९७० नंतरच्या दशकांत डॉल्बी या संस्थेनें चित्रपटांसाठीं अशी युक्ति काढली कीं चार नाद दोनच रेघांत घडी घालून ठेवावयाचे. डावा नाद डाव्या रेघेंत, उजवा उजवींत. मधला नाद दोन्ही रेघांत सारखाच घालावयाचा. मागचा नाद दोन्ही रेघांत घालावयाचा खरा, पण उलटसुलट. एका रेघेंत तरंग वर चढला कीं दुसरींत तो खालीं उतरला पाहिजे. ऐकण्याच्या वेळीं दोन्ही रेघांची बेरीज केली कीं मधला नाद पुढें येतो. एकींतून दुसरी वजा केली कीं मागचा नाद प्रकट होतो. प्राथमिक शाळेंतील बेरीज-वजाबाकीवर एवढी मोठी इमारत उभी राहिली ही गोष्ट मोठी आनंदाची आहे. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटानें ही पद्धति जगभर नेली, आणि १९८२ पासून घरांत घडी उलगडणारीं यंत्रें मिळूं लागलीं. चित्रतबकडीवर या घडीसाठीं निराळी जागा लागली नाहीं. दोन रेघा जेथें जातील तेथें घडी आपोआप जाते.

परंतु तिची एक खोड आहे. दोन्ही रेघा कोणी अजाणतेपणें एकत्र मिसळल्या तर मागचा नाद स्वतःशींच उलटा पडून शून्य होतो. एक रेघ थोडी मोठी व दुसरी थोडी लहान उतरली तर समोरच्या नटाचें बोलणें मागच्या कर्ण्यांत झिरपतें. जागा वांचविण्यासाठीं संगणकावर नाद फार आवळून ठेवला तरी घडी विस्कटते. या जुन्या तबकड्यांच्या प्रारंभींच्या अनेक नकला अशाच निष्काळजीपणें झाल्या. ऐकावयास त्या बऱ्या वाटतात, शब्द न् शब्द कळतो. उलगडूं गेलें म्हणजे मात्र मागची भिंत रिकामी आढळते.

दुसरी वाट १९९५ सालीं उघडली. डॉल्बीनें ए.सी.-३ या नांवाची अंकरूप पद्धति सिद्ध केली होती, आणि १९९२ सालीं ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटापासून ती चित्रगृहांत आली होती. हिच्यांत घडी नाहीं. समोरचे तीन नाद, मागचे दोन, आणि केवळ खर्ज गर्जनेसाठीं सहावा, असे सर्व नाद स्वतंत्र आंकड्यांत असतात. हा षट्‌नाद तबकडीवर ठेवावा कोठें? वाडा भरलेला होता. तेव्हां २८ लक्ष कंपनांच्या खोलींतील उजव्या कानाचें बिऱ्हाड उठविण्यांत आलें, आणि त्या जागीं सेकंदास २८ लक्ष ८० हजार कंपनांच्या लहरीवर आंकडे स्वार करून बसविण्यांत आले. सेकंदाला ३,८४,००० अंक, म्हणजे तळमजल्यावरील साध्या दुहेरी नादाला लागणाऱ्या अंकांच्या चौथाईहून थोडेसेच अधिक. ‘क्लिअर अँड प्रेझंट डेंजर’ या चित्रपटाची तबकडी या पद्धतीची पहिली होय.

येथें जो घोटाळा झाला तो पुढें फार जाचक ठरला. जुन्या यंत्राला ही अदलाबदल ठाऊक नव्हती. तें त्या खोलींतून पूर्वींप्रमाणें उजव्या कानाचा नाद मागे आणि त्याच्या पदरीं खरखर पडे. नवीन यंत्रांना पाठीमागें एक निराळें छिद्र ठेवलें. त्यांतून ही लहर कच्च्या स्वरूपांत बाहेर येई, आणि ती उलगडून त्यांतील आंकडे वेगळे काढणारी एक स्वतंत्र पेटी घ्यावी लागे. डी.व्ही.डी. नामक लहान तबकडी आली आणि या पेटीची कोणालाच गरज उरली नाहीं. म्हणजे जी पेटी मुळांतच मोजक्या वर्षांसाठीं व मोजक्या घरांसाठीं निघाली, तिच्यावरच शेंकडों चित्रपटांच्या त्या षट्‌नादाचें वाचन अवलंबून राहिलें.

तिसरी वाट डी.टी.एस. या दुसऱ्या संस्थेची. ‘जुरासिक पार्क’ हा चित्रपट १९९३ सालीं दाखविला गेला तेव्हां त्याचा नाद फितीवर नसून वेगळ्या कॉम्पॅक्ट डिस्कवर होता, आणि फितीच्या कडेला छापलेल्या खुणा पाहून तबकडी चित्राबरोबर चालत असे. नाद एका वाहनांत आणि चित्र दुसऱ्या वाहनांत, ही ‘फँटासाउंड’चीच कल्पना अर्ध्या शतकानंतर नव्या वेषांत परत आलेली होती. १९९७ सालीं हाच चित्रपट डी.टी.एस. नादासह चित्रतबकडीवर आला, आणि या वेळीं बिऱ्हाड उठलें तें तळमजल्यावरचें. कॉम्पॅक्ट डिस्कच्या हिशेबानें तेथें सेकंदाला ४४,१०० वेळां, दर वेळीं १६ अंकांचे दोन आंकडे, असे एकंदर १४,११,२०० अंक जात असत. त्या प्रवाहांत साध्या संगीताऐवजीं डी.टी.एस.चे सांकेतिक अंक भरले. उलगडणारें यंत्र नसतां ती तबकडी लावली तर धबधब्यासारखा एकसारखा सळसळाट तेवढा ऐकूं येई.

या तिसऱ्या प्रकारची नक्कल करणें सर्वांत सोपें, आणि बिघडविणेंहि तितकेंच सोपें. यंत्रांतून अंकरूप नाद तारेनें किंवा कांचतंतूनें थेट संगणकांत घेतां येतो. मात्र तो संगणकानें जसाच्या तसा घेतला पाहिजे. आवाज किंचित् मोठा केला, सेकंदाला ४४,१०० च्या ऐवजीं ४८,००० आंकडे करण्याचा परस्पर उद्योग केला, किंवा टोकें गुळगुळीत केलीं, कीं संकेत मोडला. संगीतांत शेंकडा एकाचा फेर कानाला कळत नाहीं. सांकेतिक पत्रांत एक अक्षर बदललें तर पत्रच वाचतां येत नाहीं. कित्येक ध्वनिपत्रिका, म्हणजे संगणकांतील नाद हाताळणारे भाग, हा उद्योग मालकास न विचारतां करीत असत. नक्कल करणाऱ्यास दोन तासांनंतर आपल्या पदरीं निव्वळ सळसळाट पडला आहे हें कळावयाचें, आणि तो खरा सळसळाट कीं संकेताचा, हेंहि उलगडून पाहीपर्यंत समजावयाचें नाहीं.

या दोन नव्या वाटा उघडल्या त्या वेळीं तबकडीचे दिवस भरत आले होते. अमेरिकेंत चित्रपटांच्या नव्या तबकड्या २००० सालीं थांबल्या, जपानांत २००१ सालीं. पायोनियर या जपानी कंपनीनें जानेवारी २००९ मध्यें यंत्रांचें उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें. त्यानंतर नवीन यंत्र जगांत कोठेंहि बनलें नाहीं. जीं आहेत त्यांचे पट्टे सैल पडतात, तेल वाळतें, लेझरचा दिवा मंद होतो. शिवाय तबकडी स्वतःहि अमर नाहीं. ती दोन पातळ चकत्या डिंकासारख्या द्रव्यानें चिकटवून बनविलेली असते, आणि आंत ॲल्युमिनियमचा आरसा असतो. जेथें चिकटवण निकृष्ट तेथें हवा व दमट आंत शिरून तो आरसा गंजतो. चित्रावर प्रथम ठिपके दिसूं लागतात, मग ठिपक्यांचा पाऊस पडतो. लहररूप नाद अशा वेळीं हळूहळू खरखरतो, पण ऐकूं येत राहतो. अंकरूप नाद एका मर्यादेपर्यंत शाबूत राहतो, कारण चुका सुधारण्याचे अंक त्यांत आधींच पेरलेले असतात. ती मर्यादा ओलांडली कीं मात्र तो एकदम मुका होतो. बाहेरून धडधाकट दिसणारी तबकडी म्हणूनच फसवी समजावी.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. तोच चित्रपट नव्या साधनांवर अधिक स्वच्छ मिळत असतां जुन्या तबकडीच्या मागें कां लागावें? उत्तर असें कीं तोच चित्रपट मिळतो असें नाहीं. ‘स्टार वॉर्स’चें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९७ सालीं त्याच्या निर्मात्यानें त्यांत नवीं दृश्यें घातलीं, जुनीं बदललीं, आणि पुढें तीच आवृत्ति सर्वत्र चालू ठेवली. २००६ सालीं मूळ रूप डी.व्ही.डी.वर जोडपुरवणी म्हणून देण्यांत आलें, तेव्हां १९९३ सालच्या चित्रतबकडीसाठीं केलेली प्रतच वापरावी लागली. नादाच्या बाबतींत असे बदल अधिक होतात आणि कमी लक्षांत येतात. चित्रांतील नवा राक्षस कोणासहि दिसतो. पण तोफेचा जुना आवाज काढून नवा घातला, पाठीमागचें संगीत थोडें पुढें आणलें, तर तें कोण सांगणार? नवी प्रत निघाली म्हणजे नाद पुष्कळदां नव्यानें जुळविला जातो. जुना जुळवलेला नाद कसा होता याचा पुरावा कधीं कधीं या चकचकीत तबकडींतच उरलेला असतो.

ज्यांना हा पुरावा राखावयाचा होता त्यांनीं प्रथम पेट्यांचाच मार्ग धरला. यंत्राच्या त्या निराळ्या छिद्राला उलगडणारी पेटी जोडावयाची, पेटीचें अंकरूप तोंड संगणकाला जोडावयाचें, आणि आंत आलेल्या प्रवाहांतून ए.सी.-३ चे अंक तेवढे वेगळे काढून ठेवावयाचे. काम चांगलें होतें. पण पेटी जें समजली तेंच हातीं लागतें. तबकडीवर ओरखडा आहे व पेटीनें हार खाल्ली, तर तेथें निःशब्द भोंक पडतें; पेटी अधिक हुशार असती तर तें भरून निघालें असतें कीं नाहीं हें मागाहून तपासण्यास कांहीं साधन राहत नाहीं. चित्र एका वेळीं, लहररूप नाद दुसऱ्या वेळीं, षट्‌नाद तिसऱ्या वेळीं असें वाचन झालें म्हणजे त्यांची पुन्हां जुळणी करण्याचा त्रास वेगळाच.

२०१० नंतरच्या दशकांत या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टिच पालटली. यंत्रानें किंवा पेटीनें लावलेला अर्थ टिपण्याऐवजीं, लेझरचा किरण परतल्यावर जी मूळ विद्युत्-लहर उत्पन्न होते तीच, कसलाहि अर्थ न लावतां, संगणकांत कां घेऊं नये? ‘डोम्सडे डुप्लिकेटर’ या नांवाची एक लहानशी यंत्रपट्टी या कामासाठीं तयार झाली. तिची तार यंत्राच्या पोटांत, किरण वाचणाऱ्या भागाच्या लगेच पुढें जोडावयाची. ती सेकंदाला ४ कोटी वेळां त्या लहरीची उंची मोजते आणि प्रत्येक माप १० अंकांत लिहिते. हिशेब केला तर सेकंदाला ५० मेगाबाइट, आणि तासाभराच्या एका बाजूला १८० गिगाबाइट होतात. दोन तासांच्या एका चित्रपटासाठीं एवढें भांडार भरणें कोणास उधळपट्टी वाटेल. पण त्या भांडारांत संबंध वाडा आहे. वरचा मजला, दोन्ही खोल्या आणि तळमजलाहि. ‘एल.डी.-डिकोड’ नामक आज्ञावलि व तिच्या सोबतीच्या आज्ञावली त्यांतून चित्र, लहररूप नाद, तळमजल्यावरील अंक आणि २८ लक्ष ८० हजारांवरील षट्‌नाद हे सर्व वेगवेगळे उलगडतात. पेटी लागत नाहीं. सर्व गोष्टी एकाच वाचनांतून निघालेल्या असल्यामुळें चित्र आणि नाद यांच्यांत अंतर पडत नाहीं. आणि आज्ञावलि उद्यां सुधारली तर तेंच भांडार पुन्हां उलगडतां येतें, मग तबकडी तोंवर गंजून गेली असली तरी चालतें.

या यंत्रपट्टीच्या नांवामागें एक शाळकरी इतिहास आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. इंग्लंडच्या विल्यम राजानें १०८६ सालीं आपल्या राज्याची मोजदाद करून जीं दप्तरें केलीं त्यांस ‘डोम्सडे बुक’ म्हणतात. त्यास ९०० वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी.बी.सी.नें नवी मोजदाद केली, आणि आपापल्या गांवांची वर्णनें व छायाचित्रें जमविण्याच्या कामीं देशभरच्या शाळांतील मुलांस लावलें. तें सर्व चित्रतबकड्यांवर घातलें गेलें; अंकरूप नादाच्या जागेंतच मजकूर भरला होता. पण त्या तबकड्या वाचणारें खास यंत्र महाग, तें थोड्याच शाळांत पोंचलें, आणि दीड तपाच्या आंत दुर्मिळ झालें. विल्यमचें चर्मपत्र अद्याप वाचतां येतें. मुलांनीं लिहिलेलीं वर्णनें वांचविण्यासाठीं मात्र विद्वानांना कंबर कसावी लागली. यंत्रपट्टीस नांव मिळालें तें या तबकड्यांवरून. षट्‌नादाच्या शोधकांना तिचा लाभ झाला तो ओघानेंच.

कच्ची लहर हातीं असल्याचा आणखी एक फायदा आहे, आणि पुण्याच्या लोकांना तो चटकन् पटेल. भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध होत होती. तेथें अनेक पोथ्या समोर ठेवून श्लोकाश्लोकाचा पाठ निश्चित केला जाई. चित्रतबकड्यांच्या बाबतींतहि आतां तसेंच करतात. एकाच चित्रपटाच्या तीन किंवा अधिक प्रती मिळवून प्रत्येकीची लहर उतरवून घ्यावयाची. एका प्रतींत जेथें ओरखडा आहे तेथें दुसऱ्या दोन प्रतींत बहुधा नसतो. संगणक बिंदूगणिक तुलना करून खोट टाकतो व निर्दोष ओळ घेतो. जुन्या बाजारांत मोडीच्या भावानें मिळणारी, ठिपके पडलेली तबकडीहि अशा वेळीं उपयोगी पडते.

एवढें होऊनहि एक सांधा उरतो. दोन तासांचा चित्रपट एका बाजूवर मावत नसे. मध्यें बाजू बदलावी लागे, आणि नकलेंत त्या बाजू जोडाव्या लागतात. ए.सी.-३ चे अंक ३२ सहस्रांश सेकंदांच्या तुकड्यांनीं बांधलेले असतात. तुकडा मधूनच कापतां येत नाहीं. चित्रपटाचें एक चित्र सुमारें ४१.७ सहस्रांश सेकंद टिकतें. हीं दोन मापें एकमेकांशीं जुळत नाहींत, त्यामुळें जोडाच्या ठिकाणीं नाद चित्राच्या किंचित् पुढें वा मागें जातो, आणि तो फरक पुढच्या बाजूभर राहूं नये म्हणून तुकडा कोठें गाळावा व कोठें ठेवावा याचा हिशेब दर जोडाला नव्यानें करावा लागतो. हें काम कोणतीहि आज्ञावलि आपण होऊन समाधानकारक करीत नाहीं; कान देऊन, पुन्हां पुन्हां ऐकूनच तें करावें लागतें.

कामाचा वेगहि वाढवितां येत नाहीं. पुस्तकाचीं पानें भराभर छायाचित्रित करतां येतात. तबकडी मात्र आपल्या ठरलेल्या गतीनेंच फिरवावी लागते, म्हणजे तासाभराची बाजू वाचावयास तासच लागतो. तीन प्रतींचा दोन तासांचा चित्रपट म्हणजे निव्वळ वाचनाचेच सहा तास. तोंवर कोणीतरी यंत्रापाशीं बसून राहतो, ठिपके वाढले तर तबकडी काढून पुसतो, आणि बाजू संपली कीं उठून ती उलटी करतो.